दार कुठल्या हाताला?

नेगोंबोच्या किनाऱ्यावर हॉटेल रुवल आहे. तिथे आता पाहुण्यांना यंत्र उठवतं. ठरल्या वेळी फोन वाजतो, रेकॉर्डमधली बाई मधाळ आवाजात शुभेच्छा देते, आणि पलीकडचा उठला की घोरतच पडला याची तिला काडीची फिकीर नसते. त्याआधी सव्वीस वर्षं हे काम एर्मिन ताब्रू करत होती. एर्मिन माणसाला पुरतं उठवल्याशिवाय सोडत नसे. तिने उठवलेल्या हजारो लोकांपैकी कुणीही तिचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि ते बरंच झालं असं तीच म्हणायची. "माझा आवाज पंचविशीचा आहे गं," ती सफाईवाल्या सुजीवाला सांगायची, "तोंड दाखवून कशाला कुणाचा दिवस नासवू?"

तिची खोली रिसेप्शनच्या मागे, जिन्याखाली. खिडकी नाही. टेलिफोनचा बोर्ड, भिंतीवर कुरकुरणारा पंखा, सांत अंतोनीची तसबीर, काळ्या चहाचा कप आणि बशीत तोंडात धरायला गुळाचा खडा. गुडघे दुखायचे म्हणून पायाखाली बियरचा रिकामा खोका. भिंतीवर तिने स्वतः काढलेला चोपन्न खोल्यांचा नकाशा होता, पण त्याच्याकडे बघायची वेळ तिच्यावर कधी येत नसे.

हॉटेलचे खालचे दोन मजले सुट्टीवर आलेल्या लोकांचे. तिसरा विमानवाल्यांचा. कटुनायकेचा विमानतळ इथून अर्ध्या तासावर. रात्रभर उडून पहाटे उतरलेले पायलट सातच्या सुमाराला येत आणि दिवसभर झोपत, कारण संध्याकाळी त्यांना पुन्हा उडायचं असे. म्हणून तिसऱ्या मजल्यावर दिवसा रात्र केलेली होती. जाड काळे पडदे, बोळातले दिवे विझवलेले, लिफ्टची घंटा काढून टाकलेली. सफाईच्या बाया तिथे अनवाणी फिरत आणि खुणांनी बोलत. गच्चीवर एक म्हातारा नुसता कावळे हाकायला ठेवला होता, आणि तोही आवाज न करता, फडकं फिरवून. खाली ऊन रणरणत असे, कोळणी वाळूवर मासळी पसरत एकमेकींना शिव्या घालत असत, आणि वर त्याच वेळी मिट्ट काळोखात वीसेक माणसं आपापल्या देशाची रात्र झोपून काढत असत.

सुजीवा त्या मजल्याची मुख्य बाई. दोन पोरांची आई, पण वर एकटीने जायला सुरुवातीला ती घाबरायची.

"अक्का, दाराला कान लावला की आत माणसं बोलताना ऐकू येतात," ती म्हणायची. "आणि आत तर एकटाच असतो."

"झोपेत बोलतात ते. आणि तू कशाला लावतेस गं कान?"

"पण डोळे उघडे ठेवून बोलतात, अक्का. एकदा पाहिलंय मी."

"अगं, माणूस विमानाने येतो, त्याची झोप मागून बोटीने येते. ती पोचेपर्यंत असं चालायचंच."

हे शहाणपण एर्मिनला हॉटेलात मिळालेलं नव्हतं. तिचा बाप दूवच्या कोळीवाड्यात उठवणारा होता. होड्या निघायच्या आधी तो घरोघर जाई, भिंतीवर काठीने ठोके देई आणि हाक मारी. प्रत्येकाचे ठोके वेगळे, प्रत्येकाची हाक वेगळी. आतून "उठलो" असं उत्तर आलं तरी बाप जागचा हलत नसे. जमिनीवर पाय पडल्याचा आवाज कानांनी ऐकला की मगच पुढच्या घरी. "आधी तोंड उठतं," तो म्हणे, "माणूस मागाहून उठतो. कधीकधी उठतच नाही."

बस्तियन नावाच्या कोळ्याची गोष्ट तो नेहमी सांगायचा. हा बस्तियन एकदा उठला, लुंगी कसली, जाळं खांद्यावर टाकलं, वाटेत चार जणांशी बोलला, एकाला तर थट्टेत टोमणाही मारला, आणि होडी पाण्यात लोटून सुकाणूवर उभा राहिला. कुणाला काही वेगळं वाटलं नाही. बापाला वाटलं, कारण बस्तियनच्या बोलण्यात श्वास नव्हता. जागा माणूस बोलायच्या आधी इवलासा श्वास घेतो. झोपलेला घेत नाही, त्याचं उत्तर आधीच तयार असतं. बाप कमरेएवढ्या पाण्यात शिरला. बस्तियनला त्याने हात लावला नाही. होडीच्या फळीवर काठीने बस्तियनचेच ठोके दिले आणि बस्तियनचीच हाक मारली. बस्तियन किंचाळून पाण्यात पडला. घरून निघाल्याचं त्याला काही म्हणता काही आठवत नव्हतं.

"झोपेत चालणाऱ्याला हलवू नये, हात लावू नये," बाप सांगायचा. "रोज ज्या हाकेने तो उठतो तीच द्यावी. दुसऱ्या हाकेला तो ओळख देत नाही."

एर्मिन हॉटेलात लागली तेव्हा ही गोष्ट तिला म्हातारपणची बडबड वाटायची. मग एक दिवस एका को-पायलटने फोनवर इतकं गोड उत्तर दिलं, "आभारी आहे, उठलो, किती सुंदर सकाळ आहे," की तिने निर्धास्त फोन ठेवला. तो पठ्ठ्या तसाच झोपला. विमान तीन तास उभं राहिलं. तेव्हाच्या मॅनेजरने एर्मिनला लॉबीत उभं करून चारचौघांत झापलं. त्या दिवसापासून ती प्रत्येकाला एक प्रश्न विचारू लागली. पलंगावर पडल्या पडल्या सांगा, दार कुठल्या हाताला?

निम्मे लोक चुकत. चार रात्रींत चार देशांतल्या चार गाद्यांवर पाठ टेकलेला माणूस, त्याने तरी काय करावं! तो आदल्या हॉटेलचं दार सांगे. काही जण घरचं दार सांगत. चुकलेल्याला एर्मिन फोन ठेवू देत नसे. "परत पाहा, साहेब," ती म्हणे. मग गादी करकरे, दिव्याचं बटण वाजे, पलीकडे खोल श्वास ऐकू येई, आणि माणूस कबूल करी, "थांबा बाई, मला माहीतच नाही मी कुठे आहे." तिथे एर्मिनचं समाधान होई. झोपलेल्याला सगळं माहीत असतं. माहीत नाही असं म्हणायला जागं असावं लागतं.

नवा मॅनेजर वीरक्कोडी याला हे मुळीच पसंत नव्हतं. "अक्का, हे हॉटेल आहे, शाळा नाही. पाहुण्यांची परीक्षा कसली घेता?"

"नापास होतात म्हणून घेते."

"यंत्र मागवलंय मी. मग विचारत बसा भिंतीला."

"भिंत तुमच्यापेक्षा बरी उत्तरं देईल," एर्मिन म्हणाली, पण तो वळल्यावर, आणि पंख्याच्या आवाजात.

पाहुण्यांपैकी एकच जण अकरा वर्षांत कधी चुकला नव्हता. कॅप्टन साल्वेत्ती, मिलानचं विमान आणणारा. नेगोंबोत डोळे मिटून दगड भिरकावला तर तो इटलीत कुणीतरी असलेल्या घरावरच पडेल. एर्मिनची धाकटी बहीणही तिकडे म्हाताऱ्यांची सेवा करते. तेव्हा हे विमान म्हणजे आमच्या गावचीच गाडी. कॅप्टन दर वेळी तीनशेबारा नंबरच मागून घ्यायचा. "उजव्या हाताला, मिस एर्मिन," तो हसत सांगायचा आणि मग दोन मिनिटं गप्पा मारायचा. बहीण कशी आहे, मासळी काय भाव. विमान एकाकडून दुसऱ्याकडे कसं जातं तेही त्यानेच तिला सांगितलं होतं. एकाने म्हणायचं, ताबा तुझा. दुसऱ्याने म्हणायचं, ताबा माझा. हे ऐकल्याशिवाय पहिल्याने हात काढायचा नाही. मग तो मागच्या चिंचोळ्या कप्प्यातल्या बाकावर जाऊन तीन तास झोपणार. एर्मिनला हे फार आवडलं होतं. पाळी संपली की ती दुसऱ्या टेलिफोनवालीला हेडफोन देताना म्हणायची, "ताबा तुझा," आणि ती पोरगी "ताबा माझा" म्हणेपर्यंत सोडायची नाही.

दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

पूर्वी ही विमानातली माणसं दोन रात्री राहायची. समुद्रावर फिरायची, कोळंबीचे वडे खायची, माणसांत यायची. हे घडलं त्या वर्षी विमान कंपनीने ते कापलं. सकाळी सातला आत, संध्याकाळी सहाला बाहेर. कागदावर विश्रांतीचे तास अगदी नियमात बसत होते. झोप कागदावर येत असती तर काय हवं होतं!

तो मंगळवार उपासाच्या दिवसांतला. एर्मिनने ईस्टरपर्यंत गूळ सोडला होता, त्यामुळे बशी रिकामी आणि जीभ जास्तच तिखट. पाच वाजता तिने तीनशेबाराला फोन लावला. कॅप्टन नेहमी पाचव्या घंटेला उचलायचा. आज पहिली घंटा पुरी व्हायच्या आत उचलला गेला.

"बोनजोर्नो, कॅप्टन साल्वेत्ती. पाच वाजले."

"आभारी आहे, मिस एर्मिन. उठलो."

"दार कुठल्या हाताला?"

"डाव्या."

एर्मिनचा हात कपावरच राहिला. "परत पाहा, कॅप्टन."

"डाव्याच. उघडं आहे. एलेना उभी आहे दारात. अनवाणी आलीय."

"एलेना कोण?"

"फरशी गार आहे, तिला म्हणावं पायात काहीतरी घाल. आभारी आहे, मिस एर्मिन. उठलो."

फोन बंद झाला.  एलेनाचं एर्मिनला एवढं काही वाटलं नाही, झोपेत माणसं काहीही पाहतात. पण इतकं सगळं बोलताना कॅप्टनने एकदाही श्वास घेतला नव्हता. प्रश्न संपायच्या आत उत्तर येत होतं, विहिरीत ओरडल्यावर आपलाच आवाज परत यावा तसं.

तिने पुन्हा फोन लावला. लाइन व्यस्त लागली, त्याने फोन नीट ठेवला नसावा. मग तिने वर सुजीवाला सांगितलं, तीनशेबारा ठोक, आणि उठेपर्यंत ठोकत राहा. पाच मिनिटांनी सुजीवा स्वतःच जिना उतरून आली. 

"ठोकलंच नाही, अक्का. मी हात उचलला आणि त्यांनी दार उघडलं. कपडे, टाय, टोपी, सगळं जागच्या जागी. हसले. हात जोडून आयुबोवन म्हणाले मला."

"मग चांगलंय की."

"अगं बाई, अक्का, आत मिट्ट काळोख होता. पडदे लावलेले, एक दिवा नाही. बाथरूमचासुद्धा नाही. टाय बांधली कशी त्यांनी?"

बाकीच्या विमानवाल्यांना उठवून होताच एर्मिनने पायाखालचा खोका सरकवला आणि ती उठली. कामाच्या वेळी लॉबीत यायची तिला बंदी होती. सहा वाजायला आले होते. काचेतून समुद्रावरचं तिरपं ऊन सरळ लॉबीत येत होतं आणि त्या उजेडात निळ्या कपड्यांतली सगळी मंडळी जमली होती. विमानातल्या पोरी, तिसरा पायलट लुका, को-पायलट इलारिया, आणि मध्ये कॅप्टन. आवाजावरून तिने उंचपुरा गडी धरला होता. हा तर तिच्या खांद्याएवढा, पांढऱ्या भुवयांचा, शाळामास्तरासारखा माणूस. तोंडावर ऊन पडत होतं तरी त्याचे डोळे किलकिले होत नव्हते.

तो सगळ्यांशी बोलत होता आणि सगळं बरोबर बोलत होता. लुकाने हवेचं विचारलं, सांगितलं. एका पोरीने पाठदुखीचं सांगितलं, त्यावर औषध सांगितलं. एर्मिन खांबाआड उभी राहून नुसती ऐकत होती. एकदाही श्वास नाही.

काउंटरवर त्याने जाण्याच्या चिठ्ठीवर सही केली. वीरक्कोडीने चिठ्ठी वाचली आणि अदबीने हसला. "कॅप्टन, आपली खोली तीनशेबारा. आपण चारशेसात लिहिलंत. आम्हाला चौथा मजलाच नाही."

इलारिया खळखळून हसली. "आम्ही सगळेच करतो हे. परवा मी अर्धा तास दुसऱ्याच खोलीला किल्ली लावत होते, आतला माणूस पोलीस बोलावणार होता."

सगळे हसले. कॅप्टनही हसला, सगळ्यांच्या अर्धा क्षण आधी.

एर्मिन वीरक्कोडीजवळ गेली. "साहेब, तो माणूस झोपलाय."

"कोण?"

"कॅप्टन. त्याला जाऊ देऊ नका."

"अक्का, गूळ सोडल्यापासून तुमचं डोकं ठिकाणावर नाही. आत जा बघू."

मग तिने बहिणीकडून उचललेल्या मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये इलारियालाच गाठलं. "मुली, तुझा कॅप्टन जागा नाही."

"डोळे उघडे आहेत की, बाई," इलारिया म्हणाली. तरी पोरगी चांगली, तिने वळून विचारलं, "कॅप्टन, बरं वाटतंय ना?"

"छान झोप झाली," कॅप्टन म्हणाला. इलारियाने एर्मिनकडे पाहून खांदे उडवले.

मंडळी बाहेर निघाली. ड्रायव्हर नेविलने गाडीचं दार सरकवून धरलं होतं. लॉबीच्या उंबऱ्याशी कॅप्टन थांबला. तिथे कुणी नव्हतं. त्याने हात खाली नेला, कमरेएवढ्या उंचीवर, आणि हवेत हळूच थोपटलं, लहान मुलाच्या डोक्यावर थोपटावं तसं. मग त्या न दिसणाऱ्या पोराला वाट देऊन बाजूने गेला. विमानातल्या पोरी फोनमध्ये तोंड घालून होत्या, कुणी पाहिलं नाही. नेविलने पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला.

एर्मिन लंगडत मागून गेली. शेवटचा उपाय म्हणून सगळ्यांसमक्ष तिने विचारलं, "कॅप्टन, दार कुठल्या हाताला?"

"डाव्या."

गाडीचं दार डाव्याच हाताला होतं. पुन्हा हशा पिकला. वीरक्कोडीचे कान तांबडे झाले. "अक्का, उद्यापासून येऊ नका," तो दात आवळून म्हणाला.

एर्मिनला त्याक्षणी उद्याचं काही वाटलं नाही. सकाळी मिस्साच्या वेळी तिने पाहिलं होतं, तीन बायका पासपोर्ट हातात धरून फादरांचा आशीर्वाद घेत होत्या, एकीच्या कडेवर झबल्यातलं पोर. सगळी याच विमानाने जाणार. ती एवढी घाबरली की तिला रडूच आलं, आणि रडता रडता बापाची काठी आठवली. बस्तियनचेच ठोके, बस्तियनचीच हाक.

"नेविल बाळा, चावी दे."

"अक्का, मॅनेजर साहेब बघताहेत..."

"बघू दे. तुझ्या बापाला माझ्या बापाने चाळीस वर्षं उठवलंय, एक दिवस होडी चुकू दिली नाही. आण चावी."

नेविलने चावी दिली. एर्मिन ती मुठीत घेऊन उलट्या पावली आत पळाली. सव्वीस वर्षांत ती त्या गुडघ्यांवर पळाली नव्हती. खोलीत शिरून तिने हेडफोन चढवला आणि काउंटरवरच्या फोनची घंटा वाजवली.

बाहेर काय झालं ते सुजीवाने नंतर सांगितलं. कॅप्टनचा एक पाय गाडीत होता. फोन वाजला आणि तो वळला. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी नाव घेतलं नव्हतं. वाजणारा फोन आपलाच, हे त्याच्या अंगात मुरलेलं. तो सरळ चालत आला, फोन घ्यायला आत आलेल्या वीरक्कोडीच्या हाताखालून त्याने तो उचलला आणि कानाला लावला.

"बोनजोर्नो, कॅप्टन साल्वेत्ती," एर्मिन म्हणाली. आवाज कापू नये म्हणून तिने टेबलाची कड धरली होती. "पाच वाजले."

पलीकडे काहीच नाही. पंखा कुरकुरत होता. ती थांबली, बाप थांबायचा तशी, पाय जमिनीवर पडायची वाट पाहत.

मग श्वास आला. बुडालेला माणूस वर आल्यावर घेतो तसा, लांब, फाटका. त्याच्यामागून किंकाळी. एका कानाने ती फोनमधून ऐकली आणि दुसऱ्या कानाने दारातून.

ती बाहेर आली तेव्हा कॅप्टन फरशीवर बसला होता. टोपी घरंगळत सोफ्याखाली गेली होती. तो आपल्या बुटांकडे पाहत होता, कुणी दुसऱ्याने घातलेले असावेत तसं.

"मी कपडे कधी घातले?" त्याने विचारलं.

इलारिया त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "आत्ताच, कॅप्टन. आपण निघालोय."

"हे कुठलं हॉटेल?"

"रुवल. नेगोंबो."

"आपण पोचलो?"

"सकाळीच पोचलो. काय होतंय तुम्हाला?"

कॅप्टनने तिच्याकडे पाहिलं. आता त्याचे डोळे उन्हाने बारीक झाले होते. "मी तुला ताबा दिला," तो सावकाश म्हणाला. मधे मधे श्वास घेत. "खाली समुद्र होता, चंद्र होता. तू म्हणालीस, ताबा माझा. लुका माझ्या खुर्चीत बसला. मी मागे जाऊन बाकावर आडवा झालो. घरची खोली दिसत होती. एलेना, माझी मुलगी, दारात आली होती. आता तिलाच मुलं आहेत, पण तेवढीशीच होती. आणि मग फोन वाजला. हा, आत्ताचा."

इलारियाने हात तोंडावर नेला.

"तुम्ही परत आलात," ती म्हणाली. "तीन तासांनी. लुका उठला, तुम्ही बसलात. मी विचारलं, बरं वाटतंय ना? तुम्ही म्हणालात, छान झोप झाली. मग तुम्ही म्हणालात, ताबा माझा."

"आणि तू?"

"मी दिला. तुम्हीच उतरवलंत विमान, कॅप्टन. इतकं अलगद उतरवलंत की मागे लोकांनी टाळ्या वाजवल्या."

 लुका सोफ्याच्या हातावर खाली बसला. वीरक्कोडीच्या हातात चारशेसात नंबरची चिठ्ठी तशीच होती. एर्मिनला पहाट आठवली. चर्चला निघताना ते विमान तिच्याच छपरावरून गेलं होतं. पोटाखालचे दिवे लावून, नेहमीसारखं, नेहमीच्या वेळी. आतल्या दोनशेऐंशी जिवांसाठी तिने सवयीने क्रूस काढला होता आणि मनात म्हटलं होतं, आले बाई आपले कॅप्टन, सुखरूप.

कॅप्टनने मान वर केली. "मिस एर्मिन? तुम्हीच ना? आवाज ओळखला मी." "मला कुणीतरी सांगा, आता तरी मी जागा आहे ना?"

  एर्मिन काउंटरला धरून, एक एक गुडघा वाकवत, त्याच्याजवळ फरशीवर बसली.

"दार कुठल्या हाताला, कॅप्टन?"

त्याने डावीकडे पाहिलं. तिकडे काच होती आणि काचेपलीकडे समुद्र. उजवीकडे पाहिलं. मग मागे वळून पाहिलं. ओठ हलले, पुन्हा मिटले. त्याने श्वास घेतला. तो इतका स्पष्ट ऐकू आला की सुजीवा मोठ्याने रडू लागली.

"माहीत नाही," कॅप्टन म्हणाला.

"मग उठलात," एर्मिन म्हणाली, आणि मुठीतली गाडीची चावी तिने नेविलला परत न देता आपल्या ब्लाऊजमध्ये खोचली.